साक्षीदाराचा बुडालेला रोज कोणी भरावा?

(जांब समर्थ येथे केलेले भाषण)



समर्थांच्या जन्मगावी येऊन आम्ही पुराण न लावता कोर्टाची गोष्ट सांगतो, याचे कोणास नवल वाटेल. पण पुराण ऐकून कोणाचा बुडालेला रोज भरून निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

दोन भाऊ घराच्या वाटणीवरून भांडतात. तंटा त्यांचा, समन्स येते सुताराला की, लाकूडकामाचे पैसे कोणी दिले ती वही घेऊन ये. तो ना वादी, ना प्रतिवादी. बिचारा शिक्का पाहूनच भितो, वाकस खाली ठेवतो, पदरचे गाडीभाडे भरून जालना गाठतो आणि पुढची तारीख घेऊन परततो.

मंडळी, हा भुर्दंड त्याचा नव्हे! 1908 चा दिवाणी कायदा, त्यातली सोळावी ऑर्डर पाहा. ज्याला साक्षीदार हवा, त्याने जाण्यायेण्याचा व एका दिवसाच्या हजेरीचा खर्च भरला पाहिजे. जास्त दिवस अडकविले तर त्या दिवसांचाही. तो भरला नाही तर कोर्ट त्याची चीजवस्तू जप्त करून वसूल करू शकते, किंवा साक्षीदाराला मोकळे करू शकते. नुसता कागद मागितला असेल, तर तो दुसऱ्याच्या हाती पाठविला तरी चालतो. हे तुम्हांस कोणा वकिलाने कधी सांगितले काय?

फौजदारीची रीत वेगळी. 2022 च्या ऑगस्टात तुमच्याच देवळातल्या मूर्ती चोरीस गेल्या. तसल्या खटल्यात साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारने द्यावा, असा हुकूम कोर्ट करू शकते. तो हातात किती पडतो, हे विचारू नका. साक्षीदारांच्या हालांबद्दल सुप्रीम कोर्टानेच 2000 साली स्वर्णसिंगाच्या खटल्यात खंत केली आहे.

आणि कायद्याचा दुजाभाव पाहा. तज्ज्ञ म्हणून बोलाविलेल्यास त्याच्या वेळेचा मोबदला कोर्ट देववू शकते. सुताराने माळ्यावरची वही शोधण्यात दोन दिवस घालविले, त्याचे नावही नाही. बँकेसाठी तर 1891 पासून स्वतंत्र कायदा आहे. ती पक्षकार नसेल तर खास हुकुमावाचून मूळ वही आणण्याची तिला सक्ती नाही, दाखल्याची नक्कल पुरते. कुळंब्याची कोर्टकचेरीतली नागवण जोतीरावांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये मांडली. ती अशा बारीक छिद्रांतून अजून चालू आहे.

समन्स मात्र चुकवू नका, वॉरंट निघते. भत्ता मिळाला नसेल तर शपथ घेण्याआधीच न्यायाधीशांस तसे सांगा, आणि वही शोधण्यात गेलेले दिवसही अर्जात लिहा.