सभोवार ध्वनी : यंत्र काय देते, काय देत नाही



माणसाला कान दोनच असतात. तरीही पाठीमागून येणारे वाहन, माळ्यावर पडलेले भांडे किंवा अंगणात डाव्या हाताला उमटलेली हाक ह्यांची दिशा तो डोळे मिटूनही सांगू शकतो. हे ज्ञान त्याला कसे होते, हा प्रश्न आधी सोडवल्याशिवाय घरातील खोलीत चित्रपटगृहाचा आभास निर्माण करणाऱ्या यंत्राचे कार्य समजणार नाही. होम थिएटरचा ध्वनिसंस्कारक, म्हणजेच प्रोसेसर, ध्वनीशी जितका व्यवहार करतो तितकाच तो श्रवणेंद्रियाशीही करतो.

डावीकडून निघालेला ध्वनी डाव्या कानाशी आधी पोचतो आणि उजव्या कानाशी नंतर. हे अंतर फार तर ०.७ सहस्रांश सेकंदाचे असते. पण मेंदूला तेवढे पुरते. शिवाय वरच्या पट्टीतील ध्वनीच्या वाटेत मस्तक आडवे येते आणि पलीकडच्या कानाला तो क्षीण ऐकू येतो. ह्या दोन खुणांची मांडणी इंग्लंडमधील भौतिकीवेत्ते लॉर्ड रॅली ह्यांनी १९०७ साली केली. ध्वनी पुढून आला की मागून, वरून आला की समोरून, हे ठरविण्यास कानाच्या पाळीची वळणे आणि मानेची सहज होणारी हालचाल साहाय्य करतात.

ॲलन ब्लमलाइन ह्या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली दोन मार्गांच्या ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन ध्वनिक्षेपकांतून एकच संकेत सारख्या जोराने सोडला, तर ऐकणाऱ्यास तो दोहोंच्या मधोमध असल्याचा भास होतो, आणि एकाचा जोर वाढविल्यास भास त्या बाजूस सरकतो. स्टिरिओचे मर्म ते हेच. परंतु हा सारा देखावा श्रोत्याच्या पुढ्यातच राहतो. पाठीमागचे जग त्यात येत नाही.

ते जग आणण्याची अडचण व्यावहारिक होती. १९७०च्या दशकात फिल्मच्या कडेला प्रकाशीय ध्वनिपट्ट्यांसाठी जागा होती ती दोन मार्गांपुरती, आणि हवे होते चार : डावा, मधला, उजवा व मागचा. हा पेच डॉल्बी प्रयोगशाळेने सोडविला. तिचे संस्थापक रे डॉल्बी १९६३ ते १९६५ ह्या काळात संयुक्त राष्ट्रसंघाचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते, आणि १९६५ सालीच त्यांनी लंडन येथे आपली संस्था स्थापन केली. चार मार्ग दोन पट्ट्यांत बसविण्याची त्यांच्या संस्थेची पद्धत १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ ह्या चित्रपटामुळे सर्वतोमुखी झाली.

ह्या पद्धतीच्या मुळाशी शाळकरी बेरीज-वजाबाकी आहे. मधल्या मार्गातील संवाद दोन्ही पट्ट्यांवर सारख्याच प्रमाणात आणि एकाच कलेत मुद्रित केले जातात. मागचा ध्वनीही दोन्ही पट्ट्यांवर सारख्या प्रमाणात जातो; पण एकीवर लहरीचा उंचवटा असताना दुसरीवर खळगा येईल, अशा उलट कलेत. आता दोन पट्ट्यांची बेरीज केली की मागचा ध्वनी स्वतःशीच कटून जातो व संवाद उरतात. वजाबाकी केली की संवाद नाहीसे होतात व मागचा ध्वनी हाती लागतो.

मात्र ह्या हिशेबात एक बाकी राहतेच. केवळ डाव्या बाजूचा ध्वनी बेरजेतही येतो आणि वजाबाकीतही. त्यामुळे शेजारशेजारच्या मार्गांत अवघ्या ३ डेसिबेलचा फरक उरतो. म्हणजे डावीकडच्या ध्वनीची निम्मी शक्ती मधल्या आणि मागच्या मार्गांतही झिरपते. पडद्यावरचा घोडा डावीकडे आणि त्याच्या टापा पाठीमागेही, असा विपरीत प्रकार होऊ नये म्हणून घरगुती यंत्रात मागचा ध्वनी सुमारे २० सहस्रांश सेकंद मुद्दाम उशिरा सोडीत आणि ७,००० हर्ट्‌झच्या वरची कंप्रता त्यातून गाळून टाकीत. एकाच ध्वनीच्या दोन आवृत्त्या थोड्या अंतराने कानी आल्या, तर आधी आलेली जिथून आली तिथेच मेंदू ध्वनीचे उगमस्थान मानतो. इंद्रियाच्या ह्या स्वभावाचा येथे उपयोग करून घेतला आहे.

ह्या पद्धतीचा पहिला घरगुती अवतार १९८२ साली आला. १९८७ सालच्या ‘प्रो लॉजिक’ यंत्राने तीत महत्त्वाची भर घातली. हे यंत्र क्षणोक्षणी कोणत्या दिशेचा ध्वनी प्रबळ आहे ते तपासते आणि इतर मार्गांत झिरपलेला त्याचा अंश विरुद्ध संकेत मिसळून पुसून टाकते. मधला मार्गही त्यामुळे घरी वेगळा मिळू लागला.

१९९० नंतर अंकीय तंत्र आले आणि हा सारा खटाटोप मागे पडला. आता पाच मार्ग पहिल्यापासूनच वेगळे राखता आले, आणि केवळ खर्जातील गडगडाटासाठी, सुमारे १२० हर्ट्‌झपर्यंतचा, सहावा मार्ग मिळाला. ‘५.१’ ह्या संज्ञेतील ‘.१’ तो हाच. येथेही जागेचा प्रश्न होता. सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट, ह्या हिशेबाने पाच मार्गांना सेकंदाला ३८,४०,००० बिट लागतात. डीव्हीडीवरील डॉल्बी डिजिटल ध्वनीला कमाल ४,४८,००० बिट मिळतात, म्हणजे साडेआठ पटींहून कमी. ही काटकसर साधते, कारण मोठ्या आवाजाच्या सावलीत लपलेला लहान आवाज कानाला ऐकूच येत नाही. जे ऐकू येणार नाही त्यावर बिट खर्च केले जात नाहीत.

हे अंक उलगडून झाले तरी प्रोसेसरचे काम अर्धेच झालेले असते. छोट्या ध्वनिक्षेपकांना खर्ज झेपत नाही, म्हणून सामान्यतः ८० हर्ट्‌झच्या खालचा भाग काढून तो मोठ्या खर्जक्षेपकाकडे वळविला जातो. ८० हर्ट्‌झची लहर सव्वाचार मीटरांहून लांब असते व तिची दिशा कानाला नीट उमगत नाही. त्यामुळे खर्जक्षेपक कोपऱ्यात असला तरी चालते. मग अंतरांचा हिशेब. समोरचा ध्वनिक्षेपक ३ मीटरांवर आणि बाजूचा दीड मीटरावर असेल, तर बाजूच्या ध्वनीला सुमारे ४.४ सहस्रांश सेकंद थोपवून धरावे लागते. तेव्हाच दोन्ही एकाच वेळी कानाशी पोचतात. २०१२ साली चित्रपटगृहांत आणि २०१४ साली घरांत आलेल्या ‘डॉल्बी ॲटमॉस’ पद्धतीत ध्वनीबरोबर त्याचे अवकाशातील स्थानही नोंदलेले असते, आणि तो कोणत्या क्षेपकांतून सोडायचा हे प्रोसेसर त्या घरातील मांडणी पाहून ठरवितो.

इतके सामर्थ्य असलेल्या यंत्राच्या मर्यादा मात्र जाणून घ्याव्यात. ४.३ मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४० हर्ट्‌झचा खर्ज भिंतीलगत घुमतो आणि खोलीच्या मध्यावर जवळपास लोपतो. तेथे बसलेल्यास यंत्राने कितीही शक्ती ओतली तरी तो स्वर मिळत नाही. खुर्ची हातभर मागे सरकविली तर मिळू लागतो. तसेच जुन्या, एकमार्गी चित्रपटाचे. त्याच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतात, म्हणून वजाबाकी शून्य येते आणि मागचे क्षेपक मूक राहतात. हा यंत्राचा दोष नव्हे, प्रामाणिकपणा आहे. त्यावर कृत्रिम घुमारा चढविणारी यंत्रेही मिळतात. पण मग ऐकू येते ती मुद्रकाची नव्हे, यंत्र बनविणाऱ्याची कल्पना.

अनेक घरांत तक्रार असते ती स्फोटांविषयी नव्हे, तर संवाद कळत नाहीत ही. आणि ज्यांचे कान वयोमानाने मंदावले आहेत त्यांची तर फारच. चार शब्द कळावेत म्हणून आवाज वाढवावा, तो पुढच्याच क्षणी गोळीबाराने घर दणाणावे. अशा वेळी मधल्या मार्गाचा जोर थोडा वाढविणे, मधला क्षेपक कपाटाच्या पोटातून बाहेर काढून कानांच्या दिशेने ठेवणे, आणि मोठ्या-लहान आवाजांतील तफावत कमी करणारी जी सोय बहुतेक यंत्रांत असते ती वापरणे, हे तीन उपाय नव्या क्षेपकांच्या खरेदीपेक्षा अधिक गुणकारी ठरतात. ह्यांतील एकालाही पैसा लागत नाही.

तात्पर्य, क्षेपकांची संख्या म्हणजे श्रवणाची गुणवत्ता नव्हे. ध्वनी चहूबाजूंनी यावा हे योग्यच. पण घरातील वडीलधाऱ्या माणसाला पडद्यावरच्या पात्राचे बोलणे दुसऱ्या कोणाला न विचारता कळावे, हे त्याहून मोलाचे आहे. ज्या प्रोसेसरने हे साधले, त्याने आपले काम केले असे समजावे.