मोटरहोमची निवड: भार आधी, इंजिन नंतर

अमेरिकेतल्या मोटरहोममध्ये आकाराने सर्वांत मोठा वर्ग ‘क्लास ए’ या नावाने ओळखला जातो. लांबी 30 ते 45 फूट. म्हणजे यांतल्या काही गाड्या एसटीच्या बसहूनही लांब. तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे सुटीत जी गाडी भाड्याने घेतात ती सहसा ‘क्लास सी’ची, ट्रकच्या केबिनमागे खोली बांधलेली. क्लास एचे गिऱ्हाईक निराळे. वर्षातले कित्येक महिने गाडीतच संसार थाटायचा, अशा बेताने ती घेतली जाते आणि किंमतही घराच्या पंक्तीला बसेल अशी असते.

या गाडीचे घर एक कारखाना बांधतो आणि खालचा सांगाडा दुसराच पुरवतो. घर बांधणारे बहुतेक कारखाने इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या परिसरात आहेत. चॅसिस, म्हणजे सांगाडा, इंजिन आणि चाके, पेट्रोलच्या गाड्यांसाठी मुख्यतः फोर्डकडून येते. डिझेलच्या गाड्यांसाठी फ्रेटलायनर किंवा स्पार्टनकडून. शोरूममध्ये नजर जाते ती ओट्यावर, सोफ्यावर आणि बटण दाबताच भिंतीबाहेर सरकणाऱ्या खोल्यांवर. पण ही सगळी हौस चॅसिसच्या खांद्यावर असते आणि त्या खांद्याला मर्यादा असते.

ती मर्यादा कागदावर लिहिलेली मिळते. गाडी, इंधन, पाणी, माणसे, सामान असे सगळे धरून जास्तीत जास्त किती वजन चालेल, तो आकडा म्हणजे ‘जीव्हीडब्ल्यूआर’. त्यातून इंधन भरलेल्या गाडीचे वजन वजा केले की माणसे आणि सामान यांच्यासाठी उरणारा भार मिळतो. 2008 पासून तिथल्या सुरक्षा नियमांनुसार हा भार दाखवणारे लेबल प्रवाशांच्या दाराजवळ, आतल्या बाजूला लावावे लागते. पाण्याची टाकी पूर्ण भरली तर त्यातला किती भार पाण्यातच जाईल, तेही त्यावर छापलेले असते. विक्रेत्याने पुढे काही जड वस्तू बसवल्या आणि वजन 100 पौंडांहून अधिक वाढले, तर विक्रीपूर्वी लेबल दुरुस्त करणे बंधनकारक आहे. शोरूममधली सर्वांत कमी वाचली जाणारी आणि सर्वांत उपयोगी माहिती हीच असावी.

हिशेब करून पाहिला की डोळे उघडतात. समजा, मर्यादा 22,000 पौंड, म्हणजे सुमारे दहा टन आहे आणि लेबलवर 2,000 पौंड भार लिहिला आहे. हे झाले साधारण 900 किलो. पाण्याची टाकी 75 गॅलनची असेल तर भरल्यावर जवळजवळ 285 किलो तिथेच गेले. चार माणसांचे 280 धरू. उरले 335 किलोच्या आसपास. त्यात कपडे, भांडी, किराणा, अवजारे, सायकली, खुर्च्या आणि महिनोन्‌महिने राहायचे म्हटल्यावर साठणारे सगळे काही. नव्या बॅटऱ्या, छतावरचे सौर पॅनेल, कपडे धुण्याचे यंत्र अशी भर मालक स्वतः घालतो तीही यातूनच वजा होते. पाणी वापरले की गाडी हलकी होईल, हाही भ्रम. ओट्यावर आणि न्हाणीत वापरलेले पाणी गाडीखालच्या सांडपाण्याच्या टाकीत उतरते. ती रिकामी करेपर्यंत ओझे तेवढेच. म्हणून जाणकार प्रवासी टाकी थोडी भरून निघतात आणि मुक्कामाच्या जागी पूर्ण भरतात.

एकूण वजन मर्यादेत असले तरी प्रत्येक अॅक्सलची मर्यादा वेगळी असते. मागच्या अॅक्सलच्या पुढे आणि मागे भार कसा विभागला आहे यावर गाडीची चाल ठरते. घर लांब आणि चाकांमधले अंतर कमी असेल, तर मागे लोंबणारा भाग पुढची चाके हलकी करतो. मग बाजूने ट्रक गेला की गाडी झोलपटते. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर एका अॅक्सलवर 20,000 पौंडांहून अधिक भार चालत नाही. त्यामुळे 40 फुटांपुढच्या जड गाड्यांना मागे आणखी एक अॅक्सल असतो, ‘टॅग अॅक्सल’. त्याला इंजिनाची ताकद मिळत नाही, तो फक्त भार वाटून घेतो.

मोठे इंजिन घेतले म्हणजे जास्त सामान नेता येईल, ही समजूत फार जणांची असते. सामान वाहतात ते अॅक्सल, स्प्रिंग, टायर आणि ब्रेक. इंजिन फक्त ओढते.

ओढण्याच्या कामात पेट्रोल आणि डिझेल यांचा फरक मात्र खरा आहे. फोर्डच्या एफ-53 चॅसिसवर 2020 नंतर 7.3 लिटरचे व्ही-8 पेट्रोल इंजिन येते. त्याची ताकद सुमारे 350 अश्वशक्ती. टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, 468 फूट-पौंड. डिझेल गाड्यांत कमिन्सचे 6.7 लिटरचे इंजिन 340-360 अश्वशक्तीचे असते, म्हणजे कागदावर बरोबरीचेच. पण त्याचा टॉर्क 700 ते 800 फूट-पौंड असतो आणि तोही कमी फेऱ्यांत मिळतो. त्यावरचे एल-9 हे इंजिन 1,250 फूट-पौंडांपर्यंत जाते. अगदी मोठ्या गाड्यांत 15 लिटरचे, 600 अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिनही बसवतात. गाडी 12 टनांच्या आत असेल तर त्याची गरज नसते.

खरी परीक्षा उंचीवर होते. टर्बोचार्जर नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे अंदाजे 3 टक्के ताकद गमावते, कारण हवा विरळ होते. कोलोरॅडोत आंतरराज्य महामार्ग 70 वरचा आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांहून उंच आहे. तिथे पोहोचेपर्यंत पेट्रोल इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद संपलेली असते. टर्बो डिझेलला हा तोटा फार कमी जाणवतो.

चढापेक्षा उतार अवघड. कमिन्स कंपनीचे संस्थापक क्लेसी कमिन्स 1931 मध्ये डिझेल ट्रक घेऊन देश ओलांडत असता, कॅलिफोर्नियातल्या केहोन खिंडीच्या उतारावर ब्रेक तापून निकामी झाले आणि पायथ्याशी रेल्वेगाडीशी होणारी टक्कर थोडक्यात टळली. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी इंजिनालाच ब्रेकचे काम करायला लावणारी युक्ती शोधली. आज डिझेल मोटरहोममध्ये एक्झॉस्ट ब्रेक असतो, मोठ्या इंजिनांत त्याहून जोरदार कॉम्प्रेशन ब्रेक मिळतो. पेट्रोलच्या गाडीत चालकाला गिअर उतरवून इंजिन कर्कश फिरू द्यावे लागते. डोंगराळ राज्यांत हिंडायचे असेल तर डिझेलच्या बाजूने एवढे एकच कारण पुरेसे आहे.

बहुतेक मोठ्या मोटरहोमच्या मागे एक छोटी मोटार ओढली जाते, कारण मोटरहोम सगळीकडे जाऊ शकत नाही. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगराळ टप्प्यावर 21 फुटांहून लांब वाहनाला मनाई आहे. ओढायच्या वजनासाठी गाडी आणि मोटार मिळून वेगळी मर्यादा असते. ती समजा 26,000 पौंड असेल आणि गाडीच 22,000 पौंडांची भरली, तर मोटारीला 4,000 उरतात. मागच्या हूकवर 5,000 छापलेले असले, तरी दोहोंतला लहान आकडाच धरायचा. चार दारांची जीप रँग्लर इथेच बाद होते.

डिझेलची बाजू इतकी भक्कम असली, तरी ती सर्वांसाठी नाही. किंमत बरीच जास्त, इंजिन ऑइल दुप्पट-तिप्पट लागते आणि 2010 च्या उत्सर्जन नियमांपासून धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाचे द्रावणही भरावे लागते. मध्यपश्चिमेच्या सपाट राज्यांत वर्षातून दोन-तीन सहली करणाऱ्याला पेट्रोलची गाडी पुष्कळ झाली. पुढे बसवलेल्या इंजिनाचा आवाज आणि उष्णता मात्र सहन करावी लागते. डिझेलचे इंजिन मागे असल्याने चालकाला शांतता मिळते, शिवाय हवेवर चालणारे ब्रेक आणि सस्पेन्शन असतात.

जुनी गाडी घेताना लेबलवर विसंबू नये. तिच्या आधीच्या मालकांनी काय काय बसवले असेल ते लेबल सांगत नाही. ट्रक थांब्यांवरच्या काट्यांवर थोड्या पैशांत प्रत्येक अॅक्सलचे वजन मिळते. प्रत्येक चाकाचे वेगळे घेता आले तर अधिक चांगले, कारण ओटा आणि फ्रीज एकाच बाजूला असले की ती बाजू भारी होते. टायरमधली हवाही या वजनानुसार, टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे ठरते. टायरचे वय बाजूवर कोरलेल्या शेवटच्या चार अंकांत असते: पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात. बहुतेक ठिकाणी खासगी मोटरहोमला साधा परवाना चालतो. टेक्सासमध्ये 26,000 पौंडांहून जड गाडीला वरच्या वर्गाचा लागतो. कॅलिफोर्नियात लांबी 40 फुटांपुढे गेली की तसाच बिगरव्यावसायिक ‘क्लास बी’ परवाना काढावा लागतो.