देवळाशेजारचं घर घ्यावं का?

केळशीला महालक्ष्मीच्या देवळाजवळ एक घर विकायला आहे. पैसे बाबांच्या रिटायरमेंटचे, निर्णय मात्र माझ्यावर सोडलाय.

एजंटने घर दाखवलं जानेवारीत, भर दुपारी. एकदम शांत! शेजारच्या काकू म्हणाल्या, "चैत्रात उत्सवाला ये, मग ठरव." गेलो. रात्री उशिरापर्यंत कीर्तन, दारात गाड्या, आणि मागच्या घरांतली माणसं आपल्याच परसातून देवळात जातायत.

सातबारा काढला. 'इतर अधिकार' रकान्यात वाटेची नोंद नाही. मला वाटलं, सुटलो! पण वकील म्हणाले, वाट २० वर्षं हक्काने, विनाखंड वापरली असेल, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने तो हक्क मिळू शकतो. म्हणजे भिंत घातली की कोर्ट.

बाबांना स्पष्ट विचारलं, "परसातून लोक गेलेले चालतील?"

ते म्हणाले, "डोंबिवलीत दिवसभर दार बंदच असतं रे. जाऊ देत की."

घर घेतोय. वाट नकाशावर दाखवून खरेदीखतात लिहून घेणार. तुम्हीही देऊळ, मैदान, विहीर यांच्या शेजारी घर बघत असाल, तर गर्दीच्या दिवशी बघा. भेटू पुढच्या भागात!