विद्यापीठाच्या आवारातील निर्भयता



आजच्या व्याख्यानासाठी संयोजकांनी ‘विद्यार्थिनींची सुरक्षितता’ हा विषय मला दिला होता. त्यात मी थोडा बदल करून ‘निर्भयता’ हा शब्द घेतला आहे. सुरक्षित ठेवायची असते ती वस्तू. तिला कुलूप लावता येते, तिच्यावर पहारा बसविता येतो. विद्यापीठात येणारी मुलगी शिकण्यासाठी, वाद घालण्यासाठी, प्रसंगी रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत थांबण्यासाठी येते. तिला हवे असते ते भयापासून मुक्त असे वातावरण. या दोन शब्दांत केवढे अंतर आहे, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

या विषयावर बोलू लागले की पहिला अडथळा भाषेचाच येतो. ‘छेडछाड’ हा शब्द आपल्या अनेक भाषांत रूढ आहे. त्यात खोडकरपणाची, जवळजवळ कौतुकाची छटा आहे. जणू काही तारुण्याचा तो एक अपरिहार्य खेळच असावा! ज्या कृत्याला नावच असे सौम्य, त्याची तक्रार करणारी मुलगी साहजिकच रसहीन आणि आकांडतांडव करणारी ठरते. ‘लैंगिक छळ’ हा कोरडा, कायद्याच्या पुस्तकातील वाटणारा शब्द रूढ होण्यास बराच काळ जावा लागला. पण तो रूढ झाला हे चांगले झाले. निदान कृत्याचे वजन तरी त्याने योग्य ठिकाणी ठेवले.

येथे जमलेल्यांपैकी बरेच जण अध्यापक आहेत, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. या देशात या प्रश्नाला सार्वजनिक चर्चेचे स्वरूप आले, त्यात विद्यापीठांतील अध्यापकांचा वाटा फार मोठा आहे. १९७२ साली महाराष्ट्राच्या तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरविलेल्या दोन्ही पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता. तेव्हा तिची संमती असली पाहिजे, असा त्या निकालामागील तर्क होता. पुढील वर्षी, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या विधिशास्त्राच्या चार अध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक अनावृत पत्र लिहिले. शरणागती आणि संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी त्यात मांडले. त्या पत्राने देशभर स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला असेल आणि आपली संमती नव्हती असे स्त्री सांगत असेल, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, ही तरतूद तेव्हा आली.

पुढचा टप्पा राजस्थानातला आहे. एका बालविवाहास विरोध करणाऱ्या ग्रामीण कार्यकर्तीवर १९९२ मध्ये सामूहिक अत्याचार झाला. ती आपले शासकीय कामच करीत होती. मग तिच्या संरक्षणाची जबाबदारी कोणाची? काही महिला संघटनांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ या नावाने प्रसिद्ध असलेला निकाल लागला. कामाच्या ठिकाणी छळ होऊ न देणे हे मालकाचे कर्तव्य आहे आणि तक्रारीसाठी समिती असलीच पाहिजे, असे त्याने ठरविले. परंतु विद्यार्थिनी ही काही विद्यापीठाची नोकर नव्हे. ही उणीव काही विद्यापीठांनी आपल्या बळावर भरून काढली. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने १९९९ मध्ये स्वतःची समिती स्थापन केली आणि तिच्यात निवडून आलेले विद्यार्थीही बसत. २०१७ मध्ये ती बरखास्त होऊन तिच्या जागी अंतर्गत समिती आली. तो बदल इष्ट होता असे मला वाटत नाही. निवडणुकीमुळे विद्यार्थ्यांना जी आपुलकी वाटते, ती नेमणुकीने येत नाही.

२०१३ चा कायदा त्या वर्षी ९ डिसेंबरपासून अमलात आला. नोकरीत असो वा नसो, कोणत्याही वयाच्या स्त्रीला तो लागू होतो. त्यामुळे विद्यार्थिनीही त्याच्या कक्षेत आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २ मे २०१६ रोजी अधिसूचित केलेल्या विनियमांनी ते अधिक स्पष्ट केले. या विनियमांचा एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच फारसा वाचला जात नाही. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाते, विभागप्रमुख अशा उच्च प्रशासकीय पदांवरील व्यक्तींनी या समितीवर बसू नये, असे त्यात सांगितले आहे. समितीचे प्रमुखपद वरिष्ठ स्त्रीकडे असावे, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात, एक सदस्य संस्थेबाहेरचा असावा आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर पदवी, पदव्युत्तर व संशोधन या तीन स्तरांवरील तीन निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी असावेत. या रचनेचा हेतू उघड आहे. संस्थेचे नाव राखण्याची जबाबदारी ज्याच्या शिरावर आहे, त्याच्यावरच संस्थेतील अन्याय शोधण्याचे काम सोपवू नये.

आता थोडे संशोधक विद्यार्थिनींविषयी बोलू, कारण या विषयाचा गाभा मला तेथे दिसतो. पदवीच्या वर्गातील मुलगी तीन वर्षांत अनेक अध्यापकांच्या हाताखालून जाते. संशोधक विद्यार्थिनीचे तसे नसते. चार-पाच वर्षे ती एकाच मार्गदर्शकाशी बांधलेली असते. प्रगती-अहवालावर सही त्याची, शिष्यवृत्तीच्या कागदावर सही त्याची, परिषदेस जायचे तर शिफारस त्याची आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत तज्ज्ञ म्हणून बसणारे बहुधा त्याचेच स्नेही. आपल्याकडे गुरूला देवाच्या बरोबरीने बसविण्याची परंपरा आहे. ती परंपरा या ठिकाणी शिष्येच्या तोंडाला कुलूप घालते. अशी विद्यार्थिनी तक्रार करते ती बहुधा प्रबंध सादर झाल्यावर, आणि तेव्हा लोक विचारतात, ‘इतके दिवस गप्प का होती?’ उत्तर त्या सह्यांत आहे. कायद्याने तक्रारीस तीन महिन्यांची मुदत ठेवली आहे. सबळ कारण असल्यास समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. प्रबंधाच्या कालावधीशी तुलना करता ही मुदत अपुरी आहे, असे माझे मत आहे.

या अडचणीवर विनियमांत एक उपाय मात्र आहे. चौकशी चालू असताना, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदार विद्यार्थिनीचे काम तपासण्यापासून वा तिचे मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येते. तिला हवी असल्यास तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते आणि त्यामुळे तिच्या शैक्षणिक स्थानाला धक्का लागत नाही. हे अंतरिम साहाय्य तिने मागताच मिळायला हवे. प्रत्यक्षात काय होते? वसतिगृह बदलावे लागते ते तिला, विभाग बदलावा लागतो तोही तिलाच. ज्याच्यावर आरोप आहे तो आपल्या खुर्चीवर तसाच बसून असतो.

याचा अर्थ आरोप झालेल्याचे म्हणणे ऐकू नये असा कोणी घेऊ नये. गोव्यातील एका विद्यापीठातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी दिलेला निकाल प्रत्येक समिती-सदस्याने वाचावा असा आहे. तेथे विद्यार्थिनींच्या तक्रारी २००९ सालच्या होत्या. समितीने चौकशी इतक्या घाईने उरकली की प्राध्यापकास आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही, या कारणास्तव न्यायालयाने कारवाई रद्द केली आणि चौकशी पुन्हा समितीकडे पाठविली. चौदा वर्षे लोटल्यावर! या विलंबाचा जाच दोन्ही पक्षांना झाला, पण सर्वांत अधिक त्या विद्यार्थिनींना, ज्या एव्हाना शिक्षण संपवून कोठे कोठे विखुरल्या असतील. कायद्याचे पालन किती ढिलाईने होते याबद्दलही न्यायालयाने त्याच निकालात कठोर शब्द वापरले. खोट्या तक्रारीचा बागुलबुवा नेहमी उभा केला जातो. पण केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, हे कायद्यातच नमूद आहे.

सुरक्षिततेच्या नावाने कुलूप लावण्याची वृत्ती आपल्याकडे किती खोल रुजली आहे, हे वसतिगृहांकडे पाहिले म्हणजे कळते. मुलांचे वसतिगृह रात्रभर उघडे आणि मुलींचे सातला-आठला बंद. ग्रंथालय मात्र दहापर्यंत चालू. २०१३ मध्ये आयोगाच्या कृतिदलाने ‘सक्षम’ नावाचा अहवाल सादर केला. सुरक्षिततेचे निमित्त करून मुलींवर भेदभावाचे नियम लादू नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. तरीही २०१५ पासून दिल्लीतील विद्यार्थिनींना ‘पिंजरा तोड’ म्हणत रस्त्यावर उतरावे लागले. सप्टेंबर २०१७ मध्ये काशी हिंदू विद्यापीठात एका विद्यार्थिनीचा आवारातील रस्त्यावर छळ झाला, तेव्हा मुलींनी प्रवेशद्वारापाशी धरणे धरले. रस्त्यांवर दिवे असावेत, रक्षकांनी दखल घ्यावी, अशा त्यांच्या साध्या मागण्या होत्या. उत्तरादाखल रात्री लाठ्या चालल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात रात्रपाळीवर असलेल्या तरुण डॉक्टरची अत्याचार करून हत्या झाली; तीही महाविद्यालयाच्या इमारतीत, परिसंवाद-कक्षात. त्यानंतर राज्य शासनाने काढलेल्या सूचनांत, शक्य तेथे स्त्रियांना रात्रपाळी देऊ नये, असे एक कलम होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याला हरकत घेतली. विश्रांतीसाठी दाराला कडी असलेली एखादी खोली द्यावी, हे सुचण्याआधी तिला घरी पाठवावे हे सुचते!

विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचा प्रश्न यापासून वेगळा काढता येत नाही. अत्याचारानंतर झोप उडते, वर्गात बसवत नाही, हजेरी कमी भरते. हजेरीअभावी परीक्षेस बसू देत नाहीत आणि शिष्यवृत्ती बंद होते. कार्यालयाच्या दृष्टीने ती केवळ एक अनियमित विद्यार्थिनी असते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. यांतील प्रत्येकामागे छळच होता असे कोणी म्हणणार नाही. परीक्षा, जातीवरून होणारा अपमान, कर्ज, एकटेपणा अशी कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली याचा विचार करण्यासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्याच वर्षी जुलैत शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा आदेशही दिला.

समुपदेशक नेमताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. तो तक्रार समितीचा सदस्य नसावा. ज्याच्याजवळ मन मोकळे करायचे, त्यानेच उद्या निर्णय देण्यास बसावे हे योग्य नाही. दुसरी गोष्ट भाषेची. झारखंडच्या खेड्यातून पुण्यास वा मणिपूरहून दिल्लीस आलेली, घराण्यातील पहिलीच शिकणारी मुलगी आपले दुःख परक्या भाषेत सांगू शकेल, अशी अपेक्षा करणे कठोरपणाचे आहे. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी-सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून अनेक भारतीय भाषांत चालते आणि तिचा क्रमांक १४४१६ आहे. तो प्रत्येक वसतिगृहात लावलेला असावा.

बहुतेक मुली प्रथम सांगतात ते मैत्रिणीला, क्वचित एखाद्या शिक्षिकेला. त्या ऐकणाऱ्या व्यक्तीने काय करावे? ‘तू तेथे गेलीसच का’ हा प्रश्न विचारू नये. दुखापत असेल तर आधी रुग्णालय. शासकीय असो वा खाजगी, तेथे ताबडतोब आणि विनामूल्य उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. अंगावरचे कपडे धुऊ नयेत, जपून ठेवावेत. पोलिसांत जायचे की समितीकडे, की दोन्हीकडे, हे तिने ठरवावे. पोलिसांत जायचे ठरविले तर साहाय्य करणे संस्थेचे कर्तव्य आहे. आईवडिलांना परस्पर कळवू नये. असे कळविल्यामुळे किती मुलींचे शिक्षण थांबले असेल, याची मोजदाद कोणीच केलेली नाही.

मुलग्यांविषयीही एक शब्द. रॅगिंगच्या नावाखाली त्यांच्यावर होणारे अत्याचार पुष्कळदा लैंगिक स्वरूपाचे असतात. काही विद्यार्थी आणि तृतीयपंथीही छळाला बळी पडू शकतात, हे २०१६ च्या विनियमांनी मान्य केले आहे. २०१३ चा कायदा मात्र केवळ स्त्रियांसाठी आहे. त्यामुळे एखादा मुलगा तक्रार घेऊन आला की हे प्रकरण कोणत्या समितीचे, यावरच पत्रव्यवहार सुरू होतो.

प्रत्येक समितीने वर्षाअखेरीस अहवाल द्यावयाचा असतो आणि त्यात आलेल्या तक्रारींची संख्या लिहावयाची असते. ‘तक्रारी : शून्य’ असे लिहिलेले अहवाल मोठ्या अभिमानाने सादर केले जातात. हजारो तरुण स्त्रीपुरुष एकत्र राहतात तेथे शून्याचा अर्थ काय घ्यावा, हे मी आपल्यावरच सोपवितो. आपण आपल्या महाविद्यालयात परताल तेव्हा समितीच्या सदस्यांचा फलक कोठे लावला आहे ते पाहा. सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते. निवृत्त होऊन गेलेल्यांची नावे अजून त्यावर असतील, तर ती बदलून घ्या. आणि त्यावर दिलेला दूरध्वनी क्रमांक एखाद्या संध्याकाळी, कार्यालय बंद झाल्यावर, स्वतः लावून बघा.

आता आपले प्रश्न ऐकण्यास मी उत्सुक आहे.