शून्य आणि रिकामी चौकट



संयोजकांनी सांगितलं, "तुझ्या कामाबद्दल दहा मिनिटं बोल." जेवणाआधी सॉफ्टवेअरवर बोलणं म्हणजे तुमच्यावर अन्यायच! म्हणून कोडचं राहू दे. गावात साथ आली हे सरकारला कळतं कसं, ते सांगते.

१९९४ साली सुरतेत प्लेग झाला, तेव्हा आपण शाळेत होतो. घराघरांत केवढी घबराट होती, आठवत असेल. त्या धक्क्यानंतर साथींवर नजर ठेवणारी यंत्रणा उभी राहू लागली आणि २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तीन फॉर्म. लक्षणं पाहून उपकेंद्रातल्या सिस्टरने भरायचा तो एस, डॉक्टरांनी तपासून भरायचा तो पी आणि प्रयोगशाळेचा एल. आठवडा सोमवार ते रविवार.

आता समजा, एका वस्तीत सोमवारी आठ जणांना जुलाब लागले. आठवडा संपणार, कागद प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणार, तिथून वर, मग कुणीतरी आकडा टाइप करणार. वर पोचणार काय, तर "अतिसार : ८". ते आठही जण एकाच विहिरीचं पाणी पितात, ही खरी कामाची गोष्ट वाटेतच गळून गेली.

५ एप्रिल २०२१ रोजी आयएचआयपी नावाचं नवं व्यासपीठ देशभरासाठी सुरू झालं. रोगांची यादी १८ वरून ३३ वर गेली. पण माझ्या मते यादीपेक्षा मोठा बदल वेगळाच आहे : आता बेरजेऐवजी एकेका रुग्णाची, गावानिशी नोंद होते, तीही मोबाइलवरून. नकाशावर ठिपके एकत्र दिसले, की विहीर शोधायला माणूस पाठवता येतो.

आमच्या धंद्यात शून्य आणि रिकामी चौकट या दोन वेगळ्या गोष्टी असतात. शून्य म्हणजे सिस्टरने पाहिलं आणि रुग्ण नव्हता. रिकामी चौकट म्हणजे कुणी पाहिलं की नाही, हेच माहीत नाही. म्हणून रुग्ण नसला तरी "शून्य" कळवायचं असतं. अहवालात दोन्ही सारखेच दिसले, तर सगळ्यात धोक्याचं गाव सगळ्यात निरोगी ठरतं.

आणि तिसरा एक प्रकार आहे, तो कुठल्याच संगणकाला ओळखता येत नाही. सिस्टर आठ रुग्ण कळवते आणि लगेच वरून फोन येतो, "तुमच्याच भागात एवढे कसे?" पुढच्या आठवड्यात ती काय भरेल? शून्य! त्यात तीच माहिती रजिस्टरमध्ये लिहा, पुन्हा ॲपमध्ये भरा, रेंज नसेल तर टेकाडावर जा. नवा डॅशबोर्ड बनवण्याआधी तिचं दुहेरी लिहिणं बंद करा, असं मी प्रत्येक बैठकीत म्हणते. डॅशबोर्डचं उद्घाटन करता येतं, कमी झालेल्या रजिस्टरचं करता येत नाही, ही अडचण!

आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, पॅथॉलॉजी लॅब चालवणारेही आहेत. पी आणि एल फॉर्म तुमचेसुद्धा आहेत बरं का. खाजगी दवाखान्यातला डेंग्यूचा रुग्ण कळवला गेला नाही, तर त्याच्या गल्लीत फवारणीची गाडी कशाला जाईल? जिल्हा सर्वेक्षण कक्षाकडे नोंदणी करावी लागते. जेवताना माझ्या शेजारी बसा, कशी करायची ते सांगते.