इंजिन बदलायचंय? आधी वायरी मोजा

वाशीहून बोलतोय. नवी मुंबईची वाशी नाही, आपली धाराशिव जिल्ह्यातली, एमएच-२५ वाली. दर वेळी सांगावं लागतं, काय करणार!

मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आलाय, "दादा, जुन्या जीपमध्ये नवं इंजिन बसतं का?" रीलमध्ये बघितलेलं असतं. चेन ब्लॉकनं जुनं इंजिन उचललं, नवं खाली सोडलं, मागं गाणं वाजलं, गाडी चालू. साठ सेकंदांत काम खलास. पण त्या साठ सेकंदांत वायरिंग कधीच दिसत नाही. इंजिन बसवायला मिस्त्रीला दोन-तीन दिवस लागतात. सध्या जे काम हातात आहे, त्याच्या वायरिंगला मला तीन आठवडे लागले. आज त्या तीन आठवड्यांचंच सांगतो.

गाडी एका काकांची. दुधाचा धंदा, खवाभट्टीला दूध घालतात. जुनी महिंद्रा कमांडर जीप, इंजिन थकलेलं. घरच्याच एका बोलेरोला हायवेवर अपघात झाला. माणसं वाचली, बॉडी गेली, इंजिन मात्र धडधाकट राहिलं. काका म्हणाले, "आरं लेकरा, इंजिन मिस्त्री बसवंल. तू फक्त वायरीचं बघ. चार वायरी तर जोडायच्यात!"

चार वायरी हे जुन्या इंजिनाबद्दल अगदी खरं होतं बरं का. जुन्या जीपच्या डिझेल इंजिनात पंप मेकॅनिकल असतो. डिझेल किती सोडायचं, कधी सोडायचं, हे पंपच ठरवतो. विजेचं काम काय? सेल्फ मारायचा, हीटर प्लग तापवायचे, अल्टरनेटरनं बॅटरी चार्ज करायची, ऑइलचा दिवा आणि टेंपरेचरचा काटा दाखवायचा. एकदा चालू झालं की बॅटरी काढली तरी ते धडधडत राहतं. म्हणून तर बॅटरी उतरलेली जीप आपण उतारावर ढकलून चालू करायचो.

बोलेरोतून निघालेलं इंजिन कॉमन रेल आहे. त्यात डिझेल हजार बारच्या वरच्या दाबानं एका नळीत भरलेलं असतं आणि प्रत्येक इंजेक्टर विजेवर उघडतो. कधी उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, हे ईसीयू ठरवतो. ईसीयू म्हणजे इंजिनाचा मेंदू. पण हा मेंदू आंधळा असतो. त्याला क्रँक सेन्सर सांगतो की इंजिन किती फिरलं. कॅम सेन्सर सांगतो कुठल्या सिलिंडरची पाळी आहे. रेलचा सेन्सर दाब सांगतो, एक सेन्सर पाण्याचं तापमान सांगतो. ॲक्सिलरेटरला केबल नाही, तिथंही सेन्सर. आणि चावीत चिप. ती ओळखीची वाटली नाही तर इंजिन चालू होतच नाही.

म्हणजे आपण फक्त लोखंड बदलत नाही. एका गाडीचा मेंदू आणि त्याच्या नसा काढून दुसऱ्या गाडीत घालतोय. त्या नसांचा जो जुडगा असतो, त्याला आपण वायरिंग किट किंवा हार्नेस म्हणतो.

आता काम कसं केलं ते क्रमानं सांगतो.

पहिला नियम, अपघाताच्या गाडीतून किट काढताना पक्कड लांब ठेवायची. घाईत लोक मधूनच वायरी कापतात आणि इंजिन तेवढं घेऊन येतात. मग एकाच रंगाच्या पंधरा वायरी हातात, आणि कुठली कुठं जाते हे देवाला माहीत. आम्ही प्रत्येक कपलर उघडला, प्रत्येकाला कागदी टेप लावला, त्यावर पेननं नाव लिहिलं. उघडण्याआधी मोबाईलनं फोटो. ईसीयू, चावी, चावीचं लॉक, चिप वाचणारं युनिट, मीटर, ॲक्सिलरेटरचा पेडल, फ्यूज बॉक्स हे सगळं एकाच गाडीचं, एकत्र घेतलं. यातलं एक जरी राहिलं तरी पुढं आठवडा जातो.

दुसरी पायरी, किट जमिनीवर पसरायचं. शेडमध्ये ताडपत्री अंथरली आणि अख्खा हार्नेस झाडाच्या फांदीसारखा मोकळा केला. मग वही घेतली. ईसीयूच्या कपलरला शंभराहून जास्त पिनांच्या जागा असतात, सगळ्या भरलेल्या नसतात. एका बाजूला पिनेचा नंबर, मग वायरीचा रंग, मग ती कुठं जाते. मल्टिमीटर बीपवर ठेवायचा, एक टोक ईसीयूच्या पिनेला, दुसरं सेन्सरच्या कपलरला. बीप वाजला की वहीत टिक. कंटाळवाणं काम आहे, पण खरं काम हेच आहे. कंपनीचा वायरिंग डायग्राम मिळाला तर उत्तमच, तरी बीप करून खात्री करायचीच.

तिसरी पायरी, वाटण्या करायच्या. वहीत तीन रकाने. एक, इंजिन चालायला लागतं ते. दोन, गाडीला लागतं ते, म्हणजे लाईट, हॉर्न, वायपर, इंडिकेटर. तीन, नको असलेलं, म्हणजे पॉवर विंडो, सेंट्रल लॉक, टेप. तिसरं काढताना वायर मधून कापायची नाही, कपलरमधून पिनेसकट काढायची. कापलेलं टोक किटच्या आत राहिलं तर ते कधी ना कधी बॉडीला टेकणार.

इथं दोन गोष्टी लक्षात ठेवा. सेन्सरना ईसीयू स्वतः ५ व्होल्ट देतो, आणि एकच पुरवठा अनेकदा दोन-तीन सेन्सरमध्ये वाटलेला असतो. एका सेन्सरची ती वायर शॉर्ट झाली की बाकीचेही मुके होतात. म्हणून जुन्या जीपचा टेंपरेचरचा काटा चालवायला ईसीयूच्या सेन्सरवर टॅप मारायचा नाही. काट्याला स्वतंत्र सेन्सर बसवायचा. आणि इंजेक्टरच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावायचा नाही. इंजेक्टर उघडताना तिथं १२ व्होल्टच्या कितीतरी पट व्होल्टेज येतं.

दुसरी गोष्ट, पीळ घातलेल्या दोन वायरी दिसल्या तर त्यांचा पीळ सोडू नका. त्या कॅनच्या वायरी असतात, त्यावरून युनिट एकमेकांशी बोलतात. बॅटरी काढून त्या दोघींमध्ये मीटर लावला तर साधारण ६० ओहम दाखवायला पाहिजे, कारण दोन टोकांना १२०-१२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. १२० दाखवलं तर समजायचं, एक टोक गायब आहे. काही गाड्यांत ते टोक मीटरच्या आत असतं. म्हणून मघाशी म्हटलं, मीटर मागं सोडून येऊ नका.

चौथी पायरी, अर्थिंग. आपल्याकडं निम्मे फॉल्ट इथले. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळं इंजिन ते चासी जाड अर्थ पट्टी लागतेच. रंग खरवडून, उघड्या लोखंडावर, थिंबल लावून, बोल्ट घट्ट. तपासायचं कसं? मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकला, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थ कच्चा आहे. सेल्फ बदलायला धावू नका, आधी ती पट्टी बघा.

पाचवी पायरी, फ्यूज. आता जरा गंभीर बोलतो. काकांच्या जीपचा डॅशबोर्ड उघडला तर फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळलेला. शेजारच्या वायरींचं कव्हर वितळून एकमेकांना चिकटलेलं. आधी कुठल्या तरी गॅरेजला लाईटचं काम झालं होतं म्हणे. त्या सीटवर काकांचा नातू बसून शाळेत जातो. आपल्याच तालुक्यात तेरखेड्याला फटाके बनतात, एका ठिणगीनं काय होतं हे आपल्याला बाहेरच्यानं येऊन सांगायची गरज नाही.

साधा हिशोब करू. हेडलाईटचा हाय बीम ६० वॉटचा. दोन बल्ब म्हणजे १२० वॉट. भागिले १२ व्होल्ट, म्हणजे १० अँपिअर. त्याला १५ चा निळा फ्यूज आणि त्याला पेलेल अशी वायर. त्या जागी ३० चा हिरवा टाकला तर लाईट जास्त पडत नाही. फक्त शॉर्ट झाल्यावर फ्यूजच्या आधी वायर पेटते. फ्यूज बल्ब वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. आणि मेन फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, कारण फ्यूजच्या आधीची वायर उघडी पडली तर तिला वाचवणारं कुणीच नाही.

हे १० अँपिअर जुन्या जीपमध्ये थेट स्विचमधून जायचे, म्हणून स्विच तापायचे. रिले टाका. रिलेवर नंबर छापलेले असतात. ३० ला बॅटरी, ८७ ला लाईट, ८५ आणि ८६ ही कॉईल, एकीकडं स्विच आणि एकीकडं अर्थ. हे चार नंबर पाठ केले तर निम्मी गाडी समजते.

जोड द्यायचाच असेल तर क्रिम्प करून वर हीट श्रिंक स्लीव्ह. नुसता पीळ मारून काळी चिकटपट्टी गुंडाळली तर आपल्या मे महिन्याच्या उन्हात तिचा गोंद सुटतो. वायर सायलेन्सरपासून लांब न्यायची, पत्र्यातून जाते तिथं रबरी ग्रोमेट, वर नालीदार पाईप. आणि कडबा, पेंड ठेवतो त्या शेडमध्ये गाडी लावत असाल तर महिन्यातून एकदा बॉनेट उघडून उंदरांचा हिशोब घ्या.

आता तुम्ही विचाराल, मग जीप पळते का? नाही. अजून नाही. इंजिन जीपमध्ये घातलेलंच नाही. आम्ही लोखंडी अँगलचा स्टँड करून इंजिन त्यावर बसवलं, रेडिएटर जोडला, हार्नेस लावला आणि बाहेरच चालू केलं. पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा क्रँक सेन्सरचा सिग्नल नव्हता. वहीत बघितलं, पिन शोधली, कपलरमध्ये ती मागं सरकली होती. नीट बसवली, आणि इंजिन चालू. हे जीपच्या आत असतं तर फायरवॉलमागं हात घालून दोन दिवस शोधत बसलो असतो.

स्टँडवर ठेवायचं दुसरं कारण कायद्याचं आहे, ते रील करणारे सांगत नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसी बुकात जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी करायची नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी ठरेल असा बदल चालणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबर बघते.

तुम्हाला सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे आठवतं का? यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण त्याच वेळी हेही लिहिलं की ही गाडी नियमात बसत नाही, अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील. त्याबदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये दिलीही. कौतुक खरं होतं आणि नियमही खरा होता. पण प्रत्येकाला बदल्यात बोलेरो मिळत नाही. म्हणून अर्ज आधी, पाना नंतर.

काकांचा अर्ज गेलाय. मंजुरी मिळाली तर इंजिन जीपमध्ये जाईल. नाही मिळाली तर जीपचं जुनंच इंजिन बांधून घ्यायचं, असं ठरलंय. काकांना आधी पटलं नव्हतं. "येडाईच्या यात्रेला नव्या इंजिनावर जायचं होतं," म्हणाले. मी म्हणालो, "काका, यात्रेला येरमाळ्याला एसटीनं जाऊ, मी पण येतो." पण जीपच्या बॉडीचं वायरिंग मात्र आम्ही नवं केलंच. फ्यूज बॉक्स, रिले, अर्थ, सगळं. इंजिन कुठलंही येवो, नातू ज्या सीटवर बसतो तिच्यापुढचा चांदीचा कागद निघाला.

तुमच्यातलं कुणी आयटीआय करत असेल, गॅरेजला हाताखाली असेल, तर त्याला एवढंच सांगतो. पाने-पक्कड उस्ताद देईल. दोन गोष्टी स्वतःच्या घ्या, साधा मल्टिमीटर आणि एक वही. मोबाईल तर आहेच हातात, त्यावर रील बघण्याआधी उघडलेल्या कपलरचा फोटो काढा. अन् घरची मोटरसायकल असेल तर या रविवारी तिचा फ्यूज काढून बघा, किती अँपिअरचा पाहिजे आणि खरा किती अँपिअरचा आहे. काय निघालं ते मला व्हॉइस मेसेजवर सांगा. चांदीचा कागद निघाला तरी लाजू नका, तेवढा बदलून मगच गाडी बाहेर काढा.

चला, भेटू पुढच्या भागात. राम राम!