जागा मोजल्या, मते कधी मोजणार?

(नाशिक येथील द्वारका परिसरात झालेल्या कार्यकर्ता-कुटुंब मेळाव्यातील भाषण)



नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचे आकडे आपणा सर्वांना मुखोद्गत आहेत. भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. समोर ठाकरे गट २०, काँग्रेस १६ आणि शरद पवार गट १०. नाशिक जिल्ह्यातील १५ पैकी १४ जागा महायुतीला मिळाल्या. आनंद रास्तच होता. परंतु जागांच्या शेजारचा मतांचा रकाना किती जणांनी वाचला?

अजित पवारांच्या पक्षाला ९ टक्के मते आणि ४१ जागा. शरद पवार गटाला ११ टक्क्यांहून अधिक मते आणि जागा अवघ्या १०! त्यांनी जागा अधिक लढवल्या, हे मान्य. तरीही तो मतदार नाहीसा झालेला नाही, एवढे त्यातून दिसतेच. भाजपला २०१४ मध्ये सुमारे २८ टक्के मते होती, २०१९ मध्ये २६, २०२४ मध्ये २७. युतीमुळे लढवलेल्या जागा घटूनही हा वाटा टिकला, ही संघटनेची पुण्याई. मात्र १३२ हा आकडा पाहून मतांचा महापूर आला असे कोणी समजू नये.

आपल्या नाशिकचेच पाहा. २००९ मध्ये शहरातील तिन्ही जागा मनसेने जिंकल्या, २०१४ मध्ये त्याच तिन्ही जागी कमळ फुलले. २० मे २०२४ च्या मतदानात नाशिक आणि दिंडोरी या दोन्ही लोकसभेच्या जागा महायुतीने गमावल्या. बरोबर सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, चित्र उलटले. नाशिककर कोणाला आंदण दिलेला नाही!

मधल्या काळात काय घडले? राज्यातील मतदान ६१ वरून ६६ टक्क्यांवर गेले. गल्लोगल्ली बैठका झाल्या, कार्यकर्ते उन्हापावसात फिरले. त्याच काळात लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपयेही घरोघरी पोहोचले. सारे श्रेय योजनेला देणारे कार्यकर्त्याचा घाम विसरतात; सारे श्रेय स्वतःकडे घेणारे त्या भगिनींना विसरतात. पैशाने जोडलेले मत उद्या दोन हजार देणाऱ्याकडे जाऊ शकते. विचाराने जोडलेले मत तसे जात नाही, पण ते जोडायला वर्षे लागतात.

त्या सहा महिन्यांत मन बदललेली घरे आपल्या प्रत्येक मतदारयादीत आहेत. निकालानंतर त्यांच्या दारी आपल्यापैकी किती जण गेले? यादी आपल्याजवळ आहे, आणि आज कोणतीही प्रचारसभा नाही.